एनक्वासची तयारी: कागद आधी की हात आधी? माझा अनुभव

सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गुणवत्तेचं काम माझ्याकडे आहे. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं, म्हणजे आपण ज्याला एनक्वास म्हणतो, त्याचं स्वमूल्यांकनापासून प्रमाणपत्रापर्यंतचं सगळं काम हाताखालून गेलं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या केंद्रांची पाळी आता आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

चेकलिस्टमधल्या प्रत्येक मुद्द्याला 2, 1 किंवा 0 गुण असतात. पूर्ण पाळलं तर 2, अर्धवट असेल तर 1. प्रमाणपत्रासाठी एकूण 70 टक्के लागतात, पण तेवढ्यावर भागत नाही. प्रत्येक विभागाचे गुण वेगळे बघतात. ओपीडीत 90 पडले म्हणून प्रसूतिगृहातले 60 झाकले जात नाहीत. मुद्द्यापुढे तो कसा तपासायचा तेही दिलेलं असतं: निरीक्षण, कर्मचाऱ्याशी बोलणं, नोंदी पाहणं, रुग्णाशी बोलणं. यातल्या नोंदींवरच बहुतेकांचा सगळा जोर जातो. फाइली जाड होतात आणि काम होतं तिथंच राहतं. म्हणून पहिलं स्वमूल्यांकन खुर्चीत बसून करू नका. चेकलिस्ट हातात घेऊन प्रत्येक विभागात उभं राहा, आणि गुण देताना हात सैल सोडू नका.

जंतुनाशकाचंच बघा. सांडलेलं रक्त पुसायला 1 टक्का हायपोक्लोराइट द्रावण लागतं. 30 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला 33 ग्रॅम, म्हणजे 5 लिटरला 165 ग्रॅम. विचारलं की सफाईच्या मावशी हे घडाघडा सांगत. प्रत्यक्षात पावडर मुठीनं पडे आणि पाणी अंदाजानं. हा दोष मावशींच्या नावावर लावणं सोपं होतं. पण ‘का’ विचारत मागं गेलं की दिसतं, खोलीत माप नव्हतं, काटा नव्हता, बादलीवर रेघ नव्हती. औषध भांडारातल्या काट्यावर 165 ग्रॅम पावडर तोलली, ती ज्या डब्यात बरोबर काठोकाठ बसली तो डबा तिथं साखळीनं बांधला आणि बादलीवर 5 लिटरला ऑइलपेंटची लाल रेघ मारली. त्यानंतर द्रावण चुकलं नाही. आपल्याकडं अजून एक गोष्ट सांभाळावी लागते. एप्रिल-मे मधल्या 44-45 अंशांत उघड्या पोत्यातलं क्लोरीन उडून जातं आणि मग माप बरोबर असूनही द्रावण कमजोर पडतं. पावडर झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत ठेवा आणि द्रावण रोज ताजं करा.

लसी ठेवायच्या फ्रिजचं, म्हणजे आयएलआरचं, तापमान 2 ते 8 अंश हवं आणि नोंद दिवसातून दोनदा, रविवारी आणि पोळ्यालाही. महिनाभर एकाच पेननं, एकाच वळणात सलग 4 अंश लिहिलेलं असलं की तपासणारा तिथंच थांबतो. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा आकडा हलणारच. तो खरा लिहा, पुढं काय केलं तेही लिहा. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी यांसारख्या गोठून वाया जाणाऱ्या लसी तळाशी ठेवायच्या नाहीत, बास्केटमध्येच ठेवायच्या.

सगळ्यात जास्त शिकवलं ते सरावानं. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला असं धरून, न सांगता घड्याळ लावायचं. रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन कोण आणतं, सलाइन कोण लावतं, 108 ला फोन कोण करतं. पहिल्याच वेळी कळलं की ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, फ्रिजला कुलूप आणि किल्ली संपलेल्या पाळीच्या सिस्टरकडं. आता किल्ली प्रसूतिगृहाच्या भिंतीवर खिळ्याला असते आणि पाळी बदलताना तिची नोंद होते. गरोदर किंवा बाळंत बाईला झटके आले तर लागणाऱ्या औषधांच्या ट्रेमध्येही असंच झालं. झटके थांबवणाऱ्या मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट) पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम. 50 टक्क्यांच्या 2 मिलीच्या एका ॲम्पूलमध्ये 1 ग्रॅम असतं, म्हणजे 10 ॲम्पूल लागतात. ट्रेमध्ये 6 होती आणि यादीत नुसतं ‘मॅगसल्फ, आहे’ असं लिहिलेलं. यादीत आकडा नसेल तर ती यादी काही कामाची नाही.

कर्मचाऱ्यांचं क्षमता मूल्यमापन वर्षातून एकदा तरी करावं लागतं. तोंडी परीक्षा घेऊ नका. हात धुण्याच्या पायऱ्या भिंतीवर असतातच, त्या पाठ होतात. साबणानं 40 ते 60 सेकंद प्रत्यक्ष लागतात का, अंगठा आणि नखं सुटतात का, हे काम चालू असताना बघायचं. आमच्याकडं अंगठाच सुटत होता, अनुभवी हातांचासुद्धा. कमी पडलं ते एकांतात सांगायचं, दोन आठवडे कामावरच शिकवायचं, पुन्हा बघायचं आणि तिन्हीची तारीख लिहायची.

माझं ठाम मत आहे की या मूल्यमापनाचे गुण कंत्राटी ताईंच्या पुनर्नियुक्तीला जोडू नयेत. जोडले की चुका होणं थांबत नाही, त्या कळणं थांबतं. सुई टोचल्याचं कुणी सांगितलं नाही तर जखम साबण-पाण्यानं धुऊन एचआयव्हीप्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या 2 तासांत, सुरू करायचं राहून जातं. यात सुई टोचलेल्या बाईचा जीव धोक्यात येतो.

रुग्णांच्या अभिप्रायाचे अर्ज सुरुवातीला सगळे ‘उत्तम’ येत होते, कारण भरणारे आम्हीच. मग ते काम आशाताईंकडं दिलं, दरवाज्याबाहेर, अहिराणीत. “औषध मिळालं का” याला सगळ्या हो म्हणतात. “गोया कव्हय खावान्या?”, म्हणजे गोळ्या कधी खायच्या, असं विचारलं की निम्म्या जणी पुडी उलटसुलट करून बघत राहतात. आता औषधाच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्राचे शिक्के मारतो, आणि तोच प्रश्न औषध देणारा खिडकीतच विचारतो.