नट घट्ट, चाक सैल

बेळगावच्या उद्यमबागेत माझा लेथ आहे. एरवी हायड्रॉलिकची कामं असतात, पण ऊस हंगाम लागला की दारात ट्रॉल्यांचे हब (चाक ज्यावर बसतं तो एक्सलच्या टोकाचा भाग), हूक आणि पिना येऊन पडतात. त्या दिवशी सकाळी शटर वर करतो न करतो तोच टेम्पो लागला. बेळगुंदीकडचा एक तरुण उतरला. मागे एक हब, एक रिम आणि पोत्यात तुटलेले बोल्ट.

"मामा, दहा बोल्ट नवीन करून द्या. दुपारपर्यंत पायजेत. टोळी बसून आहे, ऊस तोडून पडलाय."

तोडलेल्या उसाचं वजन उन्हात तासातासाला कमी होतं, त्यामुळं त्याची घाई मला कळत होती. खरं, पोतं ओतलं आणि हात थांबला. बोल्ट एकाच वेळी तुटले नव्हते. काही जुनेच तडकलेले होते, त्यांची अर्धी तोंडं काळी गंजलेली. काहींची तोंडं मात्र नवी, चकचकीत. म्हणजे चाक एका झटक्यात गेलेलं नव्हतं, बरेच दिवस एकेक बोल्ट तुटत चाललेला. रिमची भोकं गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी लांबट झाली होती.

"चाक कुठं गेलं?" मी विचारलं.

तो जरा वेळ बोलला नाही. उतारावर चाक सुटलं, ट्रॉलीच्या पुढे धावत गेलं आणि रस्त्याकडेच्या खळ्यात शिरलं. भाताची मळणी चालू होती. बायका गंजीच्या पलीकडच्या अंगाला होत्या, चाक अलीकडून गंजीत घुसलं. शंभर किलोच्या वरचं चाक ते. ऐकून माझ्या पोटात कालवलं.

मोडीतल्या ट्रकचा मागचा एक्सल घ्यायचा आणि त्यावर ट्रॉली बांधायची, ही आपल्याकडची जुनी रीत. ट्रकला मागे जोड टायर असतात. ओल्या रानात त्या दोन टायरांच्या मध्ये चिखल-दगड अडकतात, खोडव्याच्या सऱ्या चेंगरतात, आणि दोन टायर जास्तीचे घ्यावे लागतात ते वेगळंच. म्हणून प्रत्येक बाजूचं एकेक चाक काढायचं. यानंही तेच केलेलं. एका वर्कशॉपवाल्यानं आतलं चाक काढून बाहेरचं ठेवलं होतं, ट्रॉली रुंद बसेल आणि पलटणार नाही म्हणून.

मी पोत्यातला एक शाबूत राहिलेला बोल्ट हबमध्ये बसवला, रिम लावली आणि नट हातानंच फिरवला. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन थांबला. मग पाना लावून ताणला, अजिबात हलेना.

"घट्ट आहे ना?"

"आहे की."

मी रिम धरून हलवली. खडखड वाजली. नटाच्या आणि रिमच्या मध्ये जवळजवळ तीन मिलिमीटरची फट होती. हे बोल्ट दोन रिमा एकावर एक धरायला केलेले असतात. एक रिम काढली की तिच्या जाडीएवढा बोल्ट मोकळा राहतो आणि नट रिमला टेकायच्या आधीच आटे संपतात. पान्याला वाटतं नट बसला, पण तो बोल्टच्या गुळगुळीत अंगावर अडकलेला असतो. चाक रिम दाबून धरल्यामुळं टिकतं. तो दाब नसला की सगळा भार बोल्ट आडवे झेलतात आणि एकेक करून तुटतात.

"मग मागे वायसर टाकूया की."

नाही चालणार, म्हटलं. नटाचं निमुळतं तोंड रिमच्या खोलगट भोकात बसतं, त्यानं चाक मधोमध येतं. सपाट वायसर घातला की ती बैठकच जाते. बोल्टच आखूड पाहिजेत.

ते काम दुपारपर्यंत झालं असतं. मला दुसरीच गोष्ट खुपत होती. रिमचा मधला भाग वाटीसारखा खोलगट असतो. जोड टायरांत दोन वाट्या पाठीला पाठ लावून बसतात, म्हणून भार बरोबर मधे, हबच्या तोंडावर, म्हणजे रिम टेकते तिथं येतो. एकच चाक बाहेर ठेवलं तर टायरचा मध्य तिथून साडेसोळा सेंटिमीटर बाहेर जातो. मी व्हर्निअरनं हबमधल्या दोन्ही बेअरिंगांमधलं अंतर घेतलं, अकरा सेंटिमीटर. हबचं तोंड साधारण त्यांच्या मधे. म्हणजे भार बाहेरच्या बेअरिंगच्याही पुढे अकरा सेंटिमीटर लोंबत होता.

लादीवर खडूनं रेघ काढून त्याला दाखवलं. एका बाजूला तीन टन भार धरला तर बाहेरचं लहान बेअरिंग सहा टन झेलतं आणि आतलं मोठं बेअरिंग उलटं, वर ओढलं जातं. मग टायरवरची माती पुसली आणि अक्षरं वाचायला लावली. 10.00-20 हे माप, सोळा प्लाय ही मजबुती. एकटा टायर 3,000 किलो, जोडीत प्रत्येकी 2,725. जोडीचे झाले 5,450. "तू किती भरतोस एका बाजूला?" तो काही बोलला नाही.

बोल्ट तेवढे करून दिले असते तर पैसे मिळाले असते, ट्रॉली रस्त्यावर गेली असती. खळ्यातल्या त्या बायकांवरून माझं मन हटत नव्हतं. मी नाही म्हटलं. त्याचा आवाज चढला, मग त्यानं घरी फोन लावला. तासाभरात त्याचे आप्पा आले. मी रिम परत हलवून दाखवली. त्यांनी स्वतः बोट फटीत घालून बघितलं आणि मुलाला म्हणाले, "आज शेजारच्यांचे टायर मागून आण. जोडच लावूया."

त्या दिवशी दहा बोल्ट नवीन बसवले आणि मागून आणलेल्या चांगल्या रिमा जोडीनं लावल्या. टायर उतरवलेली जुनी रिम त्यांनी मोडीत टाकली. टोळीला ऊस संध्याकाळी भरता आला.

एकेरी चाकाचं काम पुढच्या पंधरवड्यात केलं. वाटी आत वळवली की टायर आत जातो, म्हणून हबचं तोंडच बाहेर आणायचं. शेजारच्या फाउंड्रीत एसजी आयर्नचं, म्हणजे सहजी न तडकणाऱ्या बिडाचं, 140 मिलिमीटर जाडीचं कडं ओतून घेतलं आणि दोन्ही तोंडं लेथवर एकाच पकडीत काढली. हबला धरणारे दहा बोल्ट आणि चाकाचे दहा बोल्ट एकाच 335 मिलिमीटरच्या वर्तुळात येत होते, म्हणून दुसरे दहा 18 अंश सरकवून मधल्या जागांत बसवले. टायरचा मध्य आता दोन बेअरिंगांच्या आत पडला, मोठ्याच्या बाजूला. भार मात्र बाजूला तीन टनांच्या आतच ठेवायचा, हे आप्पांकडून कबूल करून घेतलं.

"पन्नास किलोमीटर झाले की थेट इकडं या," एवढं सांगितलं होतं. पहिली खेप टाकून तो रात्री साडेनऊला रिकामी ट्रॉली घेऊन आला. बॅटरी त्यानं धरली, मी टॉर्क रेंच लावला, ठरलेला ताण आला की टक् वाजणारा पाना. दोन नट पाव फेरा फिरले. बाकीच्यांना लगेच टक् आवाज आला.