बेरीज कधी करायची ते मी सांगणार नाही

आज दिवसभर एका लांबलचक बिलाच्या फॉर्मशी झटापट. जुना कोड सगळा हुकमांचा: चेकबॉक्सवर टिक केली की हे दाखव, दर बदलला की बेरीज कर, ओळ उडवली की परत बेरीज कर. सेव्ह केलेलं बिल उघडलं की मात्र एकूण रक्कम शून्यच, कारण त्या वाटेवर बेरजेचा हुकूम कुणी लिहिलाच नव्हता!

सगळं उपसून स्क्रीन रचायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, म्हणजे रिअ‍ॅक्टमध्ये मांडलं. एकूण म्हणजे सगळ्या ओळींच्या रकमांची बेरीज. एकही ओळ नसेल तर ‘पाठवा’ बटण बंद. झालं. कुठल्या स्थितीत स्क्रीन कशी दिसावी एवढं मी सांगायचं; डॉममध्ये (ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेत) नेमकं काय बदलायचं ते रिअ‍ॅक्ट बघतं.

याला ‘नवी पद्धत’ म्हणणाऱ्यांची गंमत वाटते. एक्सफॉर्म्स या वेब-फॉर्म लिहायच्या भाषेत ‘बाइंड’ (कुठली किंमत कशावरून ठरते ते सांगणारा घटक) लिहून हेच करता यायचं, आणि ती भाषा डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झाली २००३ साली. रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुलं झालं २०१३ मध्ये. मोठ्या ब्राउझरांनी एक्सफॉर्म्स थेट आत घेतलंच नाही. चांगल्या कल्पनेचं असं होतं कधीकधी.

अर्थात सगळंच काही असं सुटत नाही. नवी ओळ आली की कर्सर तिच्या पहिल्या रकान्यात जायला हवा. तिथे मुकाट्याने रेफ (त्या रकान्याचा थेट हवाला) घेतला आणि फोकसचा हुकूम सोडला.