अहवाल त्याच रात्री

सोलापूर, गुरुवार, रात्र

बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याच्या (वस्तीत जाऊन केलेल्या कामाच्या) वह्या आज तपासायला घेतल्या. 'कुटुंब गरीब आहे. आई मुलांकडे लक्ष देत नाही.' अशी वाक्यं पहिल्या महिन्यात हमखास येतात. समाजकार्याचे अभ्यासक बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली व्यक्तिसहाय्य कार्याची, म्हणजे एकेका माणसाला मदत करण्याच्या कामाची, सात तत्त्वं पाठ असतात, दोषारोप न करणं हे त्यातलंच एक; तरी वहीत निकाल उतरतोच. त्याऐवजी असं लिहावं: 'मंगळवार, दुपारी ३. शाळेचा वार. दहा वर्षांची मुलगी घरी, विड्यांना दोरा बांधत होती.' आता पुढचा प्रश्न आपोआप सुचतो, ती शाळा कधीपासून बुडवते?

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या घरी जाताना एक गोष्ट मनात पक्की हवी. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे बाईचे हात थांबले की तिचे पैसे बुडतात. पान भिजवलेलं असतं, ते वाळायच्या आत कापून वळावं लागतं. वही पिशवीत ठेवून शेजारी जमिनीवर बसावं, तिचं काम चालू असतानाच बोलावं. कारखान्यात माल द्यायची वेळ आधी विचारून घ्यावी, नाहीतर दाराला कुलूप दिसतं.

बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात आणि शाळेत जाणारं लेकरू दुभाषी होतं. रेशनकार्डाची चौकशी तशी चालेल. नवऱ्याची दारू, मारहाण हे लेकराच्या तोंडून कधीही विचारू नये. बाई खरं सांगत नाही, आणि सांगितलंच तर ते त्या लेकरालाच उच्चारावं लागतं. तेलुगू येणारी वर्गमैत्रीण सोबत न्यावी.

'कुणालाच सांगणार नाही' असं वचन तर देऊच नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, विद्यार्थ्यालाही. पर्यवेक्षकांना त्याच दिवशी सांगावं. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर पाठ असावा.

अहवाल त्याच रात्री लिहावा. दोन दिवसांनी बाईचे शब्द जातात आणि आपले उरतात. वेळ, भेटीचा हेतू, घडलं त्या क्रमाने घटना, आपण काय केलं, आपल्याला काय वाटलं. हे शेवटचं वेगळ्या परिच्छेदात, घटनांत मिसळू नये. पुढच्या भेटीचं काम एका ओळीत: 'शाळेत जाऊन मुलीची हजेरी पाहणे.' नुसतं 'समुपदेशन करणे' लिहिलं, तर पुढच्या आठवड्यात त्याच दारात उभं राहून काय बोलायचं ते सुचत नाही.