तारिफाला गेलात तर मासे खारवायचे हौद बघितल्याशिवाय येऊ नका

तारिफाला बहुतेक लोक वाऱ्यासाठी जातात. स्पेनच्या मुख्य भूमीचं अगदी दक्षिण टोक, जिब्राल्टरची सामुद्रधुनी इथे जेमतेम १४ किलोमीटर रुंद, समोर मोरोक्कोचे डोंगर स्पष्ट दिसतात, आणि लेवांते म्हणजे पूर्वेचा वारा सुटला की आकाशात काइटसर्फिंगचे पतंगच पतंग. सीझनमध्ये गावात पार्किंग मिळत नाही, कॅफेत टेबल मिळत नाही, बीचवर टॉवेल टाकायला जागा शोधावी लागते. मला हे गाव आवडलं, खोटं का बोलू, पण मला लिहायचंय ते काडिझ शहराच्या दिशेने वीसेक किलोमीटरवर असलेल्या बोलोनियाबद्दल. तिथे बेलो क्लाउदिया नावाचं अख्खं रोमन शहर समुद्राला चिकटून पडलंय आणि शेजारच्या बीचवरचे निम्मे लोक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटलं.

बाहेरच्या लोकांना तिकीट दीड युरो होतं, युरोपियन युनियनच्या नागरिकांना फुकट. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

बहुतेक लोक आत गेले की सरळ फोरमकडे जातात, म्हणजे शहराचा मुख्य चौक, आणि ते चुकीचं नाही कारण तिथे खरंच भारी आहे. ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा यांची तीन देवळं एका रांगेत, सहसा या तिघांना मिळून एकच देऊळ असतं पण इथे तिघांना वेगवेगळं दिलंय. समोर बॅसिलिका, म्हणजे कोर्टकचेरीची इमारत, तिचे खांब उभे आहेत आणि खांबांच्या मधून निळा समुद्र दिसतो, सगळ्यांचे फोटो तिथलेच असतात. डोंगरउतारावर थिएटरसुद्धा आहे.

पण माझं ऐकाल तर आधी खाली जा, समुद्राच्या बाजूला. तिथे मासे खारवायचे कारखाने आहेत, आणि हे शहर मुळात त्यांच्यामुळेच आहे. वसंतात ट्युनाचे थवे अंडी घालायला अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात जातात आणि जायला वाट एकच, ही सामुद्रधुनी. म्हणजे मासा स्वतःच दारात येतो. तो जाळ्यात धरायचा, किनाऱ्यावर आणून कापायचा, आणि मांसाचे तुकडे एक थर मासा एक थर मीठ असे हौदात रचायचे. हे हौद आजही जमिनीत तसेच आहेत, काही चौकोनी काही गोल, एकेक इतका खोल की माणूस आत उतरून सहज दिसेनासा होईल. मी एका हौदाच्या काठाशी बराच वेळ बसले होते. आतून चुना आणि विटांच्या चुऱ्याचा गिलावा आहे, पाणी झिरपू नये म्हणून, आणि तळाशी भिंत जिथे फरशीला मिळते तिथला कोपरा मुद्दाम गोल केलाय म्हणजे घाण अडकत नाही, धुवायला सोपं जातं. कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी बसून हा विचार केला होता! मला देवळांपेक्षा त्या गोल कोपऱ्याने जास्त पकडून ठेवलं.

उरलेली आतडी, रक्त वगैरे फेकत नसत, ते मिठात घालून उन्हात आठवडेच्या आठवडे मुरवायचे आणि त्यातून जो रस निघायचा तो गारुम. रोमन स्वयंपाकात तो सगळ्यात पडायचा आणि उत्तम प्रतीचा गारुम महागडा असायचा. मग दोन कानांच्या मातीच्या रांजणांत, म्हणजे अँफोरांत, भरून माल जहाजाने रवाना. वास काय येत असेल कल्पना करा, आणि फोरम काही लांब नाही, चालत दोन-चार मिनिटं.

याच पैशावर शहर वाढलं. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या शेवटी इथे वस्ती झाली, समोर मोरोक्कोतल्या टँजियरला जाणारी जहाजं इथूनच सुटायची, पुढे क्लॉडियस सम्राटाच्या काळात (इ.स. ४१ ते ५४) नगराचा दर्जा मिळाला असं मानतात, नावातलं क्लाउदिया ते. पाणी आणायला तीन-तीन जलवाहिन्या बांधल्या. नंतर भूकंपांनी हादरे दिले, मुख्य रस्त्यावर मोठमोठ्या फरशा उचकटून वर आलेल्या दिसतात, तिथे जरा थांबून बघा. हळूहळू माशांचा धंदाही बसला आणि शेवटी लोक निघून गेले.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. तीन देवळांच्या शेजारी इसिसचं देऊळ आहे, ही देवी मूळची इजिप्तची. तिथे शिशाचा एक छोटा पत्रा सापडलाय, त्यावर कोणीतरी देवीकडे चोरीची तक्रार केलीय. काय चोरीला गेलं तर अंथरूण-पांघरूण, त्यात एक नवीन पांढरं पांघरूण! आणि चोराला शोधून शिक्षा कर असं देवीला साकडं घातलंय. एवढं मोठं साम्राज्य, सम्राट, मंदिरं, आणि या माणसाची झोप उडालीय ती नव्या पांघरुणापायी. कुठल्याही खांबापेक्षा मला हा माणूस जवळचा वाटला.

ऊन कडक असतं आणि सावली जवळजवळ नाहीच, टोपी आणि पाणी न्या. नंतर बीचच्या टोकाला वाळूची तीसेक मीटर उंच टेकडी आहे ती चढा, वरून सगळा किनारा दिसतो. आणि बॅसिलिकात सम्राट ट्रेजनचा जो उंच पुतळा उभा आहे ती प्रतिकृती आहे, अस्सल पुतळा काडिझच्या म्युझियममध्ये ठेवलाय, तो राहिलाय माझा, पुढच्या वेळी आधी काडिझ आणि मग बाकी सगळं.