ट्रेवरची टकटक

नर्सिंगच्या मुलींना मी प्रात्यक्षिकं शिकवते. एका तुकडीत सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देण्यात, एक मुलगी सगळ्यांत तयार होती. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, ३० दाबांनंतर २ श्वास. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

परीक्षेत परीक्षक खेकसले, "मेला तुझा पेशंट!" आणि हातातलं पेन स्टीलच्या ट्रेवर आपटत राहिले. तिचे हात पुतळ्याच्या छातीवर थिजले ते थिजलेच. मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले. त्याची खंत अजून जात नाही.

नंतर पाणी देऊन विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, ती टकटक तेवढी आठवतेय." पेनाचं टोपण निळं होतं, हेसुद्धा आठवत होतं. ३० आणि २ मात्र गायब!

ती विसरली नव्हती. भीतीच्या क्षणी मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला तो प्रसंग पक्का कोरून ठेवतो. त्याच वेळी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलं की आधी शिकलेलं आठवणं अवघड होतं, आणि विचार करून पुढचं पाऊल ठरवणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. अशा मुलीला 'अभ्यास कमी पडला' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्या आठवड्यात सरावाला कुणाची तरी कात्री ट्रेवर पडली आणि तिचे हात पुन्हा थांबले. "मला भीती नाही वाटत मॅडम, हातच चालत नाहीत," ती रडकुंडीला आली. मला क्लापारेद या स्विस डॉक्टरांची १९११ सालची नोंद आठवली. स्मृती गेलेल्या एका बाईंशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली होती. टोचल्याचं बाईंना पुढे आठवेना, पण डॉक्टरांनी हात पुढे केला की त्या आपला हात मागे घेत.

अशी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी आठवण रुजवावी लागते. म्हणून ट्रे मीच हातात घेतला. आधी तिला सांगून, अगदी हळू वाजवला. मग मिनिटाला ११० च्या ठेक्यात, म्हणजे दाबाच्याच गतीनं. पहिले दोन दिवस तिचे खांदे आखडायचे. तिसऱ्या दिवशी कोपर सरळ राहिले.

महिनाभरानं सराव चालू असताना मी फोन घ्यायला थांबले, तर पुतळ्यावरून मान न उचलता ती म्हणाली, "मॅडम, ट्रे वाजवा ना, लय सुटतेय."