तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी गाडी ओरिजिनल ठेवायची का मॉडिफाय करायची?

फोटो येतो. शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी, टायर बसलेले, बॉनेटवर मांजर झोपलेलं, आणि खाली एकच ओळ: ओरिजिनल ठेवू का मॉडिफाय करू? घरच्या घरी जुन्या गाड्या खोलत बसायचा नाद आहे हे एकदा लोकांना कळलं की हा प्रश्न काही चुकत नाही. दर वेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर देतो, तुम्ही परत विचारलंत म्हणून आज जरा बैजवार लिहितो.

यात दोन पार्ट्या आहेत आणि दोन्ही कट्टर. एका पार्टीला स्क्रूसुद्धा त्याच वर्षाचा, त्याच कंपनीचा पाहिजे. दुसरीला गाडी हातात आली की पहिल्या दिवशीच ग्राइंडर काढायचा असतो. ओरिजिनलवाल्यांच्या मागे फिवा आहे, जुन्या वाहनांची जागतिक संघटना, 1966 ची. त्यांच्या व्याख्येत गाडी किमान 30 वर्षं जुनी हवी, मूळ रूप राखलेली हवी, आणि रोजच्या येण्याजाण्याला वापरलेली नको. ही शेवटची अट वाचून मला जरा वाईटच वाटतं, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या पार्टीचाही इतिहास काही लहान नाही. फोर्डने 1932 ला सर्वसामान्यांच्या गाडीत व्ही-एट इंजिन दिलं, म्हणजे इंग्रजी V सारखे चार-चार मांडलेले आठ सिलेंडर, 221 क्युबिक इंच म्हणजे साधारण 3.6 लिटर, 65 हॉर्सपॉवर, आणि मग पोरांनी जुन्या हलक्या गाड्यांचे मडगार्ड काढून टाकून, छप्पर बुटकं करून त्यात ही इंजिनं बसवायला सुरुवात केली, तीच हॉट रॉड. आता गंमत बघा, त्या काळात कापलेली एखादी हॉट रॉड आज तुम्हाला मिळाली आणि तुम्ही ती कंपनीतून निघाली तशी करायला बसलात तर तुम्ही ओरिजिनल जपताय का पुसताय? फोर्डचीच मॉडेल टी घ्या. 1908 ते 1927, दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या, आणि त्याच काळात तिचा ट्रॅक्टर करायचे, ट्रक करायचे तयार किट मिळायचे. म्हणजे गाडी घरी आणून तिचं भलतंच काहीतरी करायची खोड आपल्या पिढीची नाहीच.

त्यामुळे मी ओरिजिनल का मॉडिफाय असं बघतच नाही. मी दोन गोष्टी बघतो. एक, जे करणार ते उलटं फिरवता येईल का. आणि दुसरं, हे एक केलं की त्याच्या मागून आणखी काय काय ओढलं जाणार. या दोन्हीची उत्तरं आधी कागदावर लिहा, मग पाना उचला.

सोपं उदाहरण इग्निशनचं, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागाचं. जुन्या गाडीत पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे छोटे संपर्क) आणि कंडेन्सर असतो, पॉइंट झिजतात, गॅप सरकतो, गाडी थंडीत नखरे करते. इलेक्ट्रॉनिक किट येतं ते डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, आतच बसतं, बाहेरून काही दिसत नाही, जुनी प्लेट पिशवीत घालून गाडीतच ठेवायची, रस्त्यात किट गेलं तर तिथेच परत पॉइंट लावता येतात. हे मी डोळे झाकून करा म्हणतो.

6 व्होल्टची गाडी 12 व्होल्ट करणं त्याच्या पुढची पायरी. अमेरिकन गाड्या 1950 च्या दशकाच्या मध्यात 12 वर आल्या, त्याआधीच्या बहुतेक 6 व्होल्टच्या. हेडलाइट मिणमिणतो म्हणून लोक बदलतात, पण आधी अर्थिंग तपासा, म्हणजे बॅटरी बॉडीला नीट जोडलीये का, बॅटरीची केबल तपासा, 6 व्होल्टला केबल जाडच लागते आणि कोणीतरी मधे बारीक केबल टाकलेली असते, निम्म्या गाड्या तेवढ्यावरच सुधारतात. तरीही बदलायचंच असेल तर सगळे बल्ब, कॉइल, हॉर्न, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो किंवा त्याच्या जागी अल्टरनेटर, आणि काट्यांच्या मीटरना व्होल्टेज कमी करणारा रिड्यूसर, एवढी यादी होते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, ते न बघता अल्टरनेटर जोडलात तर त्याच्या आतले डायोड तिथल्या तिथे गेले. पण सगळं नट-बोल्टवर आहे, उलटं करता येतं. वायरचं कापडी वेष्टन तडकलं असेल तर मात्र व्होल्टेजचा विचार नंतर, आधी वायरिंग बदला.

आणि मग येतं इंजिन बदलणं, ज्याच्यासाठी खरं तर सगळे विचारत असतात. शेवरलेटचं 1955 चं स्मॉल ब्लॉक व्ही-एट इंजिन, 265 क्युबिक इंच, लहान, हलकं, म्हणून जगात ज्या गाडीत मावेल त्या गाडीत लोकांनी ते टाकलं. पण एक खोली रंगवली की बाकीचं घर मळकं दिसायला लागतं तसं होतं. माउंटिंग बदललं, मग गिअरबॉक्स, मग क्लचची लिंकेज, शाफ्टची लांबी, रेडिएटर पुरत नाही, स्टीअरिंगचा रॉड मॅनिफोल्डला घासतो, मागचा एक्सल एवढा जोर घेईल का माहीत नाही, आणि हे सगळं होईस्तोवर चेसिस दोन ठिकाणी कापलेली असते. विकायला आलेल्या अर्धवट गाड्या बघा, 'थोडंच काम बाकी आहे' लिहिलेल्या, बहुतेक याच टप्प्यावर अडकलेल्या असतात.

त्यातही लोक ब्रेकचं शेवटी बघतात याचा मला खरंच राग येतो. गाडी पळवायच्या आधी ती थांबते का ते बघा ना. जुन्या गाडीत चारी चाकांना ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या डब्यावर आतून लायनर दाबणारे) आणि ब्रेक ऑइलचं एकच सर्किट, म्हणजे कुठल्याही एका चाकाचा व्हील सिलेंडर गळला की पेडल थेट जमिनीला आणि चारी ब्रेक गेले. अमेरिकेत दोन सर्किटचे ब्रेक 1968 पासून नव्या गाड्यांना सक्तीचे झाले, ते उगाच नाही. ड्रम वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, लायनर नीट बसवले, सेटिंग नीट केलं तर साध्या वेगाला ते छान धरतात, लांब उतारावर तापले की मात्र पकड सुटते. 1953 ला जॅग्वारने फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची रेस डिस्क ब्रेकवर (उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारे) जिंकली ती बरीचशी याच मुद्द्यावर, वारंवार जोरात ब्रेक मारूनही डिस्क टिकल्या. तर डिस्क लावायच्या का? लावा, बोल्टवर बसणारं किट असेल तर जरूर. पण त्याआधी दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा. तो बऱ्याच गाड्यांत फ्लोअरच्या खाली असतो, कोणाला दिसत पण नाही, ओरिजिनलवाला मित्र खाली झोपून बघायला येणार नाही आणि आला तर येऊ दे.

ब्रेकचे रबरी पाइप बाहेरून चांगले दिसले तरी बदलाच, ते आतून फुगतात, ऑइल दाबाने जातं पण परत येत नाही, मग चाक धरून राहतं आणि माणूस लायनर घासत बसतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सिलेंडर आतून गंजलेले असतातच. आणि ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका, कृपा करून. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. धूळ ओली करायची, पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, चांगला मास्क लावून.

ट्रकवाल्यांसाठी थोडं वेगळं. जुना ट्रक हायवेवर बोंबलतो, पण इंजिनात दम नाही असं समजू नका, तो ओझं ओढायला बनवलाय, मागच्या डिफरन्शियलचा (शाफ्टचा जोर चाकांना देणाऱ्या गिअरचा) रेशोच असा की चाक एकदा फिरायला शाफ्टला चार-पाच वेळा फिरावं लागतं. लोक मोठं इंजिन टाकायला निघतात, तेव्हा रेशो बदलून किंवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वरचा जास्तीचा गिअर, लावून भागतं. रिकामा ट्रक उड्या मारतो कारण सस्पेन्शनचे पाटे लोडसाठी आहेत, एकदोन पाटे काढून, त्यांना कुठल्या बाजूचे ते चिठ्ठी बांधून कोपऱ्यात ठेवा, झालं काम. आणि चाकाची डिस्क वेगळी रिंग असलेली, तुकड्यांची असेल तर त्या टायरचं काम घरी अजिबात करायचं नाही, हवा भरताना ती रिंग सुटून माणसं मेलेली आहेत. हे काम लोखंडी पिंजरा ठेवणाऱ्या टायरवाल्याकडेच.

उलटं न करता येणाऱ्या गोष्टीत सगळ्यात वर पत्रा आणि रंग. चुंबक फिरवून बघा, जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे किंवा पत्राच नाही. चेसिस वेगळी नसलेल्या गाडीची दाराखालची सिल गंजली असेल तर कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून घ्या, दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा, नाहीतर बॉडी मधे बसते आणि नवा पत्रा जोडून झाल्यावर दार लागतच नाही. पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग नाही, रिकामी असली तरी नाही, वाफ उरलेली असते. रंग ओरिजिनल असेल, फिका पडला असेल, तर आधी साध्या साबणाने धुवा, पॉलिश करून बघा, रंग खरवडणारा पॉलिश पेपर घेऊन लगेच सुटू नका, जुन्या रंगात शिसंही असू शकतं.

लहान गंजलेल्या पार्टसाठी इलेक्ट्रोलिसिस मस्त. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, पार्ट चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. गंज सुटून येतो, चांगल्या लोखंडाला काही होत नाही. स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा.

शिसंविरहित पेट्रोलचं विचारतात. शिशाचं पेट्रोल आता जगात कुठेच पंपावर नाही, शेवटचा अल्जीरिया, 2021. शिसं इंजिनाच्या वरच्या भागातल्या, म्हणजे हेडमधल्या, व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) जपायचं, ते नसलं की गाडी जोरात पळवली तर जुन्या मऊ सीट खचतात, म्हणून पुढे कधी हेड उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, तेवढ्यासाठी आत्ता उतरवू नका. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे मात्र जुने रबरी पाइप लवकर गळतात, ते बदला.

इलेक्ट्रिक करणाऱ्यांनाही मी नावं ठेवत नाही. जॅग्वारने स्वतः 2017 ला ई-टाइप इलेक्ट्रिक करून दाखवली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जागेतच सगळं बसवलेलं, परत इंजिन टाकता येईल असं. माझ्या नियमात बसतं. मला स्वतःला नाही करवणार, तो आवाज आणि तो वास गेला तर मी शेडमध्ये कशाला बसू.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला मी सांगतो की ब्रेक, टायर, वायरिंग, स्टीअरिंग एवढं करा, काही महिने आहे तशी चालवा, मग त्रास कशाचा होतो ते गाडीच सांगेल, आणि बऱ्याचदा ते इंजिन नसतं. तरीही इंजिन बदललंतच तर गाडीच्या कागदावर त्याचा नंबर असतो का, बदल कळवावा लागतो का, हे आधी विचारून घ्या. जुनं इंजिन फेकू नका. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं तेल सोडा, हाताने दोन फेरे फिरवा, प्लग परत लावा, सगळी भोकं बंद करा, जमिनीपासून उचलून लाकडावर ठेवा, चेसिस नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधा. आणि जागा नाही म्हणून भंगारात घालणारच असाल तर त्याआधी मला सांगा, मी येऊन उचलून नेतो.