तुम्ही विचारलंत म्हणून: सबवूफर जोडला, आता घूंऽऽ का येतं?

"एकच वायर तर लावायची, त्यात विचारायचं काय?" असं म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर, घरी नेणारेच पुढे विचारतात, "घूंऽऽ येतंय, बदलून घेऊ का?" घाई नको. बहुतेक वेळा दोष सबवूफरचा नसतो.

वायर एकच, हे खरं. रिसीव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारा डबा. त्याच्या मागच्या सब प्री-आउट सॉकेटमधून शील्डेड (आत धातूची जाळी असलेली) आरसीए केबल सबच्या एलएफई, म्हणजे बासच्या, इनपुटला. सबवरचा क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या सुरापर्यंत सबने वाजवायचं ते ठरवणारं बटण, पूर्ण वर न्या, कारण वरचे सूर कापायचं काम रिसीव्हर करतो. दोघांनी कापलं की मधला आवाज खाल्ला जातो. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे त्यांचा बास सबकडे जातो), क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ, सबचा गेन, म्हणजे आवाजाचं बटण, अर्ध्यावर. झालं.

आता घूं. हा आपल्या 50 हर्ट्झच्या लाईटचाच आवाज. सब बंद करून आरसीए काढा, पुन्हा चालू करा. तरी घूं राहिलं, तर सबच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच बहुधा बिघाड आहे, वॉरंटीत द्या. थांबलं, तर आरसीए परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर, म्हणजे कोअ‍ॅक्स काढा. इथे शांत झालं की चोर सापडला. केबलवाल्याच्या वायरीची शील्ड भलतीकडे अर्थ झालेली, तुमची तीन पिन घरच्या अर्थला. दोन्हींतल्या फरकाचा करंट आरसीएच्या शील्डमधून वाहतो. कोअ‍ॅक्सवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा, तो सिग्नल सोडतो पण शील्डचा जोड तोडतो. डिश असेल तर तो चालत नाही, डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) जाणारी वीज अडते. तिथे हाच जोड तोडायला आरसीएवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, पण स्वस्तातला अगदी खालचा बास खातो. टीव्ही, रिसीव्हर, सब एकाच बोर्डवर घ्या.

अर्थची पिन मात्र कापू नका. कापली की घूं जातं, म्हणूनच हा सल्ला गावभर फिरतो. पण आतलं इन्सुलेशन गेलं, तर सबच्या मागच्या धातूच्या प्लेटवर 230 व्होल्ट येतात, आणि त्या प्लेटला हात लावूनच तुम्ही गेन फिरवता. कितीही वेळा विचारा, उत्तर हेच राहील. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरिंग आणि अर्थिंग दोन्ही तपासायला सांगा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून रेझिस्टन्स वाढतो. खड्ड्यात पाणी घालत राहा.

घुमणं हा वेगळा प्रश्न. बारा फुटी हॉल 47 हर्ट्झच्या आसपास घुमणारच, आणि कोपऱ्यात ते सगळ्यात जास्त. भिंतीला सोलापुरी चादर टांगून बास आवरत नाही. ही लाट सात मीटरहून लांब, चादर फक्त वरचे सूर शोषते. सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ठेक्याचं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरून ऐका. जिथे बासचे सगळे सूर एकसारख्या जोराने ऐकू येतील, तिथे सब.

पूर्वी मी सरळ "कोपऱ्यात ठेवा" सांगायचो. ते पूर्ण मागे घेत नाही. आठ इंची सबला कोपऱ्याचा जोर लागतोच. पण सोलापुरातल्या साखर पेठेसारखी भिंतीला भिंत लागून घरं असली, तर तो जोर आधी शेजाऱ्याकडे पोहोचतो, आणि तिथे कोपरा की मधली भिंत, हे आजही मला घर बघितल्याशिवाय सांगता येत नाही.